लॉन्ड्रीचं अंग दुखत नाही

इस्पितळात रोज शेकडो लोकांची दुखणी तपासली जातात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण आता तिथे काम करणाऱ्यांचीच अंगं तपासणार म्हटल्यावर अख्ख्या इमारतीला कापरं भरलं. सूचना तशी साधी होती. जेवणघराच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की निरनिराळ्या खात्यांतल्या कामाचा अंगावर किती ताण पडतो हे मोजायला बाहेरून एक बाई येणार आहेत, त्यांना सहकार्य करावं. पण साधी सूचना साध्या मनानं वाचेल तो नोकरदार कसला. प्रत्येक खात्यानं तिचा आपापल्या सोयीनं अर्थ लावला.

स्वयंपाकघर म्हणालं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तेव्हा आठवडाभर मनसोक्त कण्हायचं. स्ट्रेचर ढकलणाऱ्यांना वाटलं ही ताकदीची परीक्षा आहे, त्यामुळे ते सकाळी उठून जोर काढायला लागले. कारकून मंडळी म्हणाली, आपला यात काय संबंध, आपण तर बसून असतो. आणि तळघरातल्या लॉन्ड्रीनं ठरवलं की आपलं काही म्हणजे काहीच दुखत नाही.

लॉन्ड्रीनं ठरवलं म्हणजे जाऊबाईंनी ठरवलं. खरं तर त्या जाऊ एकाच बाईच्या, आणि ती बाई त्यांच्याच हाताखाली चादरींच्या घड्या घालायला होती. ती उठताबसता 'जाऊबाई, जाऊबाई' करायची. ते ऐकून ऐकून इस्त्रीवाल्या म्हणू लागल्या, मशीनवाला म्हणू लागला, आणि एकदा तर खुद्द व्यवस्थापक साहेब सगळ्यांदेखत "जाऊबाई, वॉर्डात चादरी कमी पडताहेत" असं म्हणून गेले. नंतर साहेब कानापर्यंत लाल झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता इस्पितळात त्यांचं खरं नाव फक्त पगार करणाऱ्याला माहीत होतं.

जाऊबाईंचा धसका उगीच नव्हता. गेल्या वर्षी अशीच एक तपासणी झाली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा इस्त्रीवाल्या मावशींनी सरळ सांगून टाकलं की संध्याकाळी मनगटं बधिर होतात, कप धरला तर सुटतो. महिनाभरात मावशी घरी. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी मावशींच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं. त्या प्रामाणिकपणानंच बिचारीचा घात केला होता, हे कुणी बोललं नाही. जाऊबाईंनी मात्र ते गाठीला बांधून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण कशाला?

आणि झाकायला त्यांच्याकडे होतंही काहीतरी. धाकट्या जावेचा उजवा खांदा थंडीपासून कामातून गेला होता. हात छातीपर्यंत यायचा आणि पुढे जायचंच नाही म्हणायचा. घड्या घालायच्या कामात हे कसं चालावं? मोठी चादर दोघींनी मिळून घडी करायची असते. दोन दोन कोपरे धरून मागे सरकायचं, झटका देऊन सुरकुत्या काढायच्या, मग हात वर नेत एकमेकींकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा मिळवायचा. नंतर तो गठ्ठा मांडणीच्या फळीवर. त्या फळ्या कुणा ताडमाड सुताराने स्वतःच्या मापाने ठोकल्या असाव्यात, कारण सगळ्यात वरची फळी लॉन्ड्रीतल्या एकाही बाईच्या डोक्याखाली नव्हती.

जाऊबाईंनी यावर तोड काढली होती. घडीच्या वेळी त्या स्वतःचे हात जास्तीच वर नेत आणि धाकटीचे कोपरे वरच्या वर हातातून काढून घेत. गठ्ठे वर ठेवायचं काम तर त्यांनी आपल्याकडेच घेतलं होतं. दोघींची लय अशी बसली होती की शेजारी उभ्या असलेल्या इस्त्रीवालीलाही काही कळत नसे. खांदा उघडा पडला तर धाकटी घरी बसणार, हे जाऊबाईंना स्वच्छ दिसत होतं. आणि ते त्यांना व्हायला नको होतं. दीर गेला तेव्हा त्यांनीच धाकटीला हाताला धरून इथे आणलं होतं. सुरुवातीला ती कुणाशी बोलत नसे. चादरी झटकता झटकता हळूहळू ती बोलायला लागली, मग हसायला लागली, आणि पुढे तर जाऊबाईंच्या चालण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायला लागली. त्या नकलेचा जाऊबाईंना राग यायचा आणि त्याहून जास्त आनंद व्हायचा. त्या माणसात आलेल्या पोरीला पुन्हा चार भिंतींत पाठवायचं, हा विचारही त्यांना सहन होत नव्हता.

तेव्हा पाहणीच्या आधी त्यांनी लॉन्ड्रीची रीतसर तालीम घेतली.

"वाकताना कळ आली तर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"आई गं म्हणायचं नाही," इस्त्रीवाल्या म्हणाल्या.

"ते झालं. पण करायचं काय? तोंडातून काहीतरी निघणारच की."

मशीनवाल्याला एकाएकी सुचलं. "खोकायचं. खोकला कुणालाही येतो."

हे सगळ्यांनाच पटलं. शिवाय असंही ठरलं की त्या दिवसांत ट्रॉल्या अर्ध्याच भरायच्या, ओल्या चादरी मशीनमधून थोड्या थोड्या काढायच्या, आणि वरची फळी पाहणी सुरू व्हायच्या आधीच भरून ठेवायची, म्हणजे कुणाला हात वर न्यायची वेळच येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जाऊबाईंनी तालमीचा शेवट याच वाक्यानं केला.

मोजणाऱ्या बाई आल्या त्या सडपातळ, सपाट चपला घातलेल्या, खांद्याला भलीमोठी पिशवी अडकवलेल्या. बाजारात धान्य मापून देणारा मापाडी असतो, म्हणून मशीनवाल्यानं त्यांना पाहताक्षणी 'मापाडीणबाई' करून टाकलं. त्यांच्या पिशवीत पट्टे होते. कमरेला आणि दंडाला बांधायचे, त्यात काडेपेटीएवढी यंत्रं. माणूस किती वाकतो, हात किती वर नेतो आणि किती वेळ तसाच ठेवतो, हे त्यात उमटे. शिवाय माणसाच्या अंगाचं एक उभं चित्र प्रत्येक खात्याच्या भिंतीवर लावलं जाई आणि लोकांना लाल टिकल्या दिल्या जात. जिथे दुखतं तिथे टिकली चिकटवायची, नाव लिहायचं नाही.

स्वयंपाकघरातल्या चित्राला तर गोवर उठला. आचाऱ्यानं कानांनाही टिकल्या लावल्या. "कान कशानं दुखतात?" मापाडीणबाईंनी विचारलं. "साहेबांची बोलणी ऐकून," तो म्हणाला आणि पुन्हा कण्हायला लागला. बाई हसल्या, पण पट्टा काही कण्हणं मोजत नव्हता. तो मोठी पातेली उचलतानाचं वाकणं मोजत होता, आणि ते खरोखरच वाईट निघालं. आचाऱ्याला आपलंच दुखणं खरं आहे हे कळल्यावर जरा धक्काच बसला. कारकुनांचं त्याहून नवल. दिवसभर मान पुढे काढून बसल्यानं त्यांच्या माना आणि पाठी अवघडलेल्या निघाल्या, आणि 'आपला काय संबंध' म्हणणाऱ्या मोठ्या कारकुनानं हळूच मानेवर टिकली चिकटवली.

लॉन्ड्रीत मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अर्ध्या ट्रॉल्या इकडून तिकडे फिरल्या. भरलेल्या वरच्या फळीकडे कुणी पाहिलंही नाही. जाऊबाई आणि धाकटीनं चादरी अशा झटकल्या की बघत राहावं. भिंतीवरचं चित्र जसं आलं तसंच राहिलं, कोरं करकरीत.

"कुणाचं काहीच दुखत नाही?" मापाडीणबाईंनी विचारलं.

"देवाची कृपा," जाऊबाई म्हणाल्या.

"छान. फक्त इथे खोकला फार आहे."

"तळघर आहे ना. ओल," जाऊबाईंनी ठोकून दिलं. मागून कुणीतरी खोकलं.

आठवडा सरत आल्यावर साहेबांनी सगळ्या खात्यांच्या मुख्यांना जेवणघरात बोलावलं आणि पाहणीत आतापर्यंत काय दिसलं ते सांगितलं. पडद्यावर खात्यांची नावं रंगांत होती. स्वयंपाकघर लाल, स्ट्रेचर लाल, कचेरी पिवळी. सगळ्यात खाली हिरवीगार लॉन्ड्री. सगळ्यात हलकं काम लॉन्ड्रीचं. जाऊबाईंनी सोबतीला आणलेल्या मशीनवाल्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. वाचलो.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त एकच व्यसन होतं, बचतीचं. हिरवा रंग पाहून त्यांचा चेहरा उजळला होता. "लॉन्ड्रीचं अभिनंदन," ते म्हणाले. "आपल्या नर्सांच्या वसतिगृहाचे कपडे आपण बाहेर धुवायला देतो. लॉन्ड्रीवर ताण नाही हे आता सिद्धच झालंय, तेव्हा पुढच्या महिन्यापासून ते आपल्याकडेच धुवायचे. नव्या ट्रॉल्या आणि जादा माणसं लाल खात्यांना देऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंचे हात मांडीवरून उचललेच गेले नाहीत. अख्ख्या वसतिगृहाच्या चादरी. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, आणि तोही तालीम घेऊन, नीट नेम धरून.

घरी जाताना दोघी जावा नेहमीसारख्या बरोबर निघाल्या. धाकटीला बातमी कळली होती. फाटकाशी तिनं पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि म्हणाली, "जमेल जाऊबाई. बघू." जाऊबाईंना तो खांदा दुप्पट ओझ्याखाली किती टिकेल याचा हिशोब करायला कुठलाही पट्टा नको होता. आपण पोरीला वाचवायला गेलो आणि पुरतं बुडवलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. रस्ता कधी संपला ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर येताच त्या खाली न जाता मापाडीणबाईंकडे गेल्या. बाईंना बसायला मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवायची खोली दिली होती. तिथे त्या एका धड खुर्चीवर बसून चहा घेत होत्या.

"बाई, लॉन्ड्रीचं माप चुकलंय," जाऊबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"चुकलंय की चुकवलंय?" बाईंनी शांतपणे विचारलं. "तुमच्याकडचा खोकला फक्त ट्रॉलीपाशी यायचा. वाकलं की यायचा, सरळ झालं की जायचा. ओलीचा खोकला असा वेळ पाळत नाही. शिवाय दुखत नाही असं सगळेच्या सगळे सांगतील, अशी लॉन्ड्री मी आजवर पाहिली नाही. मला वाटलं, कुणीतरी येऊन सांगेल. नसतं कुणी आलं तर मी खाली येणार होते."

मग जाऊबाईंनी सगळं सांगितलं. अर्ध्या ट्रॉल्या, भरलेली फळी, मावशींची मनगटं. फक्त धाकटीचं नाव घेतलं नाही. "आम्हाला वाटलं, ज्याचं दुखतंय त्याला काढतील."

बाईंनी कप खाली ठेवला. "मी माणसं मोजत नाही हो. काम मोजते. लाल होतं ते काम होतं, माणूस नाही. तुम्ही दुखणं लपवलंत तेव्हा त्या कामाला पास करून टाकलंत."

"हे तुमच्या कागदावर ठीक आहे. साहेबांच्या डोक्यात काय येईल?"

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. त्या खोटा दिलासा देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पण पुन्हा मोजायचं तर रोजच्यासारखं मोजायला हवं. भरलेल्या ट्रॉल्या, रिकामी फळी. आणि प्रत्येकीनं सगळं काम एकटीनं करायचं. जोडीनं नाही."

जोडीनं नाही. म्हणजे धाकटीला सगळ्यांदेखत हात वर न्यावा लागणार. जाऊबाई जिना उतरून खाली आल्या.

धाकटी कपडे वाळवायच्या मशीनशी होती. जाऊबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि बाईंचं बोलणं सांगितलं. "तुझा खांदा दाखवायला लागेल. मी बोलेन साहेबांशी. तू घाबरू नकोस."

धाकटी चिडली. ती चिडलेली जाऊबाईंनी फार वर्षांनी पाहिली. "लपवायचं ते तुम्ही ठरवलं, आता दाखवायचं तेही तुम्हीच ठरवणार? खांदा माझा आहे ना?"

"अगं, मी तुझ्याचसाठी करते सगळं."

"माहीत आहे. आणि मी कुणासाठी करते?" धाकटीचा आवाज खाली आला. "जाऊबाई, तुम्ही ट्रॉलीच्या तळाची चादर शेवटची कधी काढलीत?"

"काय प्रश्न आहे हा? रोज काढते."

"नाही काढत. वरवरच्या काढता. तळाच्या मी आधीच उपसून काठावर ठेवते, म्हणून तुम्हाला लागतच नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून. तुम्ही एकदा वाकलात आणि तशाच राहिलात, तोंडावर पाणी मारायची वेळ आली होती. आठवतं? तुम्ही म्हणालात उकाड्यानं झालं."

"उकाड्यानंच झालं होतं," जाऊबाई म्हणाल्या. पण शेजारीच भरलेली ट्रॉली उभी होती आणि त्या मुळात पडतं घेणाऱ्या नव्हत्या. त्या तिच्याकडे गेल्या, काठ धरला आणि तळाकडे हात घातला. कंबर अर्ध्यावर आली आणि अडली. गुडघ्यांत अशी कळ उठली की त्यांना खोकायचंही सुचलं नाही. धाकटीनं त्यांना धरून सरळ केलं. त्या भिंतीला टेकल्या आणि मग दोघींनाही हसायला यायला लागलं. एकीला वर जमत नाही, एकीला खाली जमत नाही, आणि दोघी मिळून एक धडधाकट बाई उभी करून थंडीपासून इस्पितळाला फसवत होत्या.

हसू ओसरल्यावर जाऊबाईंना रडू आलं. आपण हिला सांभाळतो, या एका समजुतीवर त्यांनी किती दिवस छाती काढून चालावं, आणि ही त्यांच्या आधी येऊन ट्रॉल्या उपसत होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि धाकटीचा फार अभिमान वाटला.

"दाखवूया," धाकटी म्हणाली. "पण दोघींचं. एकटीचं नाही."

दुपारी पट्टे बांधून पुन्हा पाहणी झाली. बचतीचा प्रश्न होता म्हणून साहेब जातीनं खाली आले. ट्रॉल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. वरची फळी रिकामी होती. धाकटीनं गठ्ठा घेतला, फळीखाली उभी राहिली आणि हात वर न्यायला लागली. छातीपाशी हात थांबला. तिनं दात आवळले नाहीत, खोकली नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. गठ्ठा धरून ती नुसती उभी राहिली, सगळ्यांना नीट दिसेपर्यंत. मग जाऊबाई ट्रॉलीपाशी गेल्या, वाकल्या आणि अडकल्या. त्यांना काठ धरून वर यावं लागलं.

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, वर्षानुवर्षं याच फळ्या आहेत," ते म्हणाले. "तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. नाचता येईना, अंगण वाकडं."

"साहेब, तुम्ही मला अंगणच बघायला बोलावलंय," मापाडीणबाई म्हणाल्या. "बघूया ना, वाकडं आहे का. तुमच्याकडचा सगळ्यात दणकट माणूस कोण?"

दणकट म्हटल्यावर एकच माणूस. स्ट्रेचरवाल्यांतला पहिलवान, ज्याला पेशंट फुलासारखे उचलतो म्हणून वॉर्डात भाव होता. तो आला, त्याला पट्टे बांधले. "चादरीच ना?" तो म्हणाला आणि कामाला लागला. पहिली ट्रॉली त्यानं गाणं गुणगुणत रिकामी केली. दुसरीला गाणं थांबलं. ओल्या चादरी एकमेकींत पिळवटून बसलेल्या असतात, एक ओढली की चार येतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या ट्रॉलीच्या तळाशी तो वाकला आणि एक हात आपसूक त्याच्या कमरेवर गेला. शेवटी तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "साहेब, माणूस बरा. माणूस निदान आपण होऊन थोडा वर येतो. ही चादर मेली मदतच करत नाही."

मापाडीणबाईंनी पट्ट्यातलं माप साहेबांना दाखवलं. पहिलवानाचंही लाल होतं, जाऊबाईंच्या आणि धाकटीच्या मापाइतकंच. "हा तुमचा सगळ्यात दणकट माणूस, आणि एकाच दुपारीत ही गत," त्या म्हणाल्या. "मग दोष कुणाचा?"

साहेब फळीखाली जाऊन उभे राहिले. उंचीनं ते बेताचेच होते. त्यांनी हात वर केला, मग टाचा उचलल्या, तरी बोटं फळीच्या काठालाच लागली. कुणी हसलं नाही, हे लॉन्ड्रीचे त्यांच्यावर उपकारच म्हणायचे. मग ते धाकटीकडे वळले.

"खांदा कधीपासून दुखतोय?"

"थंडीपासून."

"मग सांगायचं नाही का?"

धाकटीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मावशींनी सांगितलं होतं, साहेब."

हे वाक्य तिनं रागानं म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते साहेबांना लागलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात मागून एक इस्त्रीवाली उठली आणि भिंतीवरच्या चित्राच्या मनगटावर तिनं टिकली लावली. दुसरीनं पाठीला लावली. मशीनवाला जरा घुटमळला, मग त्यानंही खांद्याला लावली. धाकटीनं आपली टिकली लावली ती सगळ्यांत जोरात दाबून. साहेब ते सगळं उभ्यानं बघत राहिले.

"सुताराला बोलवा," ते शेवटी म्हणाले. "वरची फळी आजच खाली येऊ दे. वसतिगृहाचं काम बाहेरच राहील. ओझं कमी होईल तसा तळ आपोआप वर येणाऱ्या ट्रॉल्या मिळतात म्हणे, त्या..." त्यांनी मापाडीणबाईंकडे पाहिलं, बाईंनी मान डोलावली, "त्या लॉन्ड्रीलाही बघू. सगळ्या एकदम नाही जमायच्या. आणि तुम्ही," ते धाकटीला म्हणाले, "वर व्यायामाच्या खात्यात जाऊन खांदा दाखवा. कामाच्या वेळेतच जा, पगार कापणार नाही. मावशींकडेही मी स्वतः जातो." एवढं बोलून ते जायला निघाले आणि दारात थांबले. "उद्या येताय ना कामावर?"

जाऊबाईंनी श्वास रोखून धरला होता तो या प्रश्नासाठी. या प्रश्नाचं उत्तर आता धाकटीच्या हातात होतं, साहेबांच्या नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांच्या अंगातला सगळा ताठा एकदम सैल झाला.

"येणार तर," धाकटी म्हणाली. "पण साहेब, माझी फळी खाली येईल. नव्या ट्रॉल्या येईपर्यंत जाऊबाईंना तळाशी वाकायला लावू नका. त्या स्वतः सांगायच्या नाहीत, म्हणून मी सांगते."

साहेब "बरं" म्हणाले आणि जिना चढून गेले.

जाऊबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी साहेबांशी भांडणं केली होती. त्यांच्यासाठी कुणी कधी एक शब्द टाकला नव्हता, आणि त्यांनीही कधी टाकू दिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पहिलवान स्टुलावरून उठला, त्यांना बसायला जागा दिली. कामाच्या वेळेत त्या कधी बसत नसत, पण बसल्या.

मापाडीणबाई पट्टे पिशवीत भरत होत्या. जाऊबाई बघत आहेत असं पाहून त्यांनी टिकल्यांचं पाकीट पुढे केलं. जाऊबाईंनी एक टिकली घेतली, थोडा विचार केला, आणि आणखी दोन घेतल्या.